तार तुटली, तरी बझर का वाजला नाही?

वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला होता. सौरचूल, ठिबक सिंचन, सोयाबीनच्या कुटारापासून खत अशा नेहमीच्या प्रयोगांच्या रांगेत नववीतल्या दोन मुलींचा एक प्रयोग होता. नाव होते 'लसीच्या फ्रिजचा राखणदार'. थर्मासमध्ये गार पाणी, त्यात बुडवलेला एक तापमान संवेदक, त्याला जोडलेला आर्डुइनो बोर्ड, तापमान दाखवणारा छोटा पडदा आणि एक बझर, एवढेच साहित्य.

"तापमान ८ अंशांच्या वर गेलं की बझर वाजतो," एकीने सांगितले. दुसरीने संवेदक पाण्यातून काढून मुठीत धरला. पडद्यावरचा आकडा चढू लागला आणि ८ ओलांडताच बझर कर्कशपणे वाजला. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही विचारले, "ही तार उपटून पाहू का?"

"पाहा ना सर."

तार उपटली. पडद्यावर आकडा आला उणे १२७. बझर गप्प.

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग पहिली मुलगी म्हणाली, "सर, उणे १२७ म्हणजे ८ पेक्षा कमीच ना? म्हणून वाजला नाही." आणि लगेच तिच्याच लक्षात आले. "पण मग खऱ्या फ्रिजची तार उंदराने कुरतडली, तर फ्रिज कितीही तापला तरी हा वाजणारच नाही!"

तिचे बरोबर होते. मुलींनी प्रोग्रॅममध्ये एकच प्रश्न लिहिला होता : 'तापमान ८ पेक्षा जास्त आहे का?' तार तुटल्यावर या प्रश्नाचे उत्तर कायमचे 'नाही' असे झाले. यात मुलींना हसण्यासारखे काही नाही. मोठमोठ्या यंत्रणा उभारणारे अभियंतेही याच ठिकाणी ठेचकाळलेले आहेत. तापमान मोजणाऱ्या चिप्स धोक्याची सूचना कशी देतात, आणि स्वतःच बिघडल्या तर ते कसे ओळखायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

गोठलेली लस ओळखू येत नाही

मुलींनी लसीचा फ्रिज निवडला होता, तो अगदी योग्य. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवण्यासाठी बर्फाचे अस्तर असलेला विशेष फ्रिज असतो. त्याला आयएलआर म्हणतात. त्यातील तापमान २ ते ८ अंश सेल्सियस या दरम्यान राहिले पाहिजे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो. अशा वेळी वीज गेली तरी बर्फाचे अस्तर काही काळ थंडावा टिकवून धरते. पण काही काळच.

लस जास्त तापली तर तिची ताकद हळूहळू कमी होते. गोठली तर वेगळाच घात होतो. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वाताची लस अशा लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की या क्षारांचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि लस पुन्हा वितळली तरी ती पूर्ववत होत नाही. वितळलेली कुपी वरवर पाहता चांगल्या कुपीसारखीच दिसते. संशय आला तर आरोग्य कर्मचारी 'शेक टेस्ट' करतात. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, ती आणि संशयित कुपी एकत्र हलवायच्या आणि गाळ कोणत्या कुपीत किती वेगाने बसतो ते पाहायचे. पण संशयच आला नाही तर? निकामी लस बाळाला टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि आईबाप निर्धास्त होतात.

जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे निवडले गेले, त्यात वाशीम होता. जिल्ह्याची प्रगती ज्या निकषांवर मोजायची, त्यांत बालकांचे संपूर्ण लसीकरण हाही एक निकष आहे. टोचलेल्या सुया मोजता येतात, पण सुईतील लस जिवंत होती की नाही, हे त्या फ्रिजमधल्या संवेदकाच्या सचोटीवर अवलंबून असते.

चिपला तापमान कसे कळते?

जुन्या तापमापकात पारा प्रसरण पावतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये प्रसरण पावणारे काही नसते. तेथे विजेचा एक गुणधर्म कामी येतो. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक विद्युतप्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण ०.६ व्होल्ट विद्युतदाब मिळतो. तापमान १ अंशाने वाढले की हा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो.

अडचण अशी की, प्रत्येक डायोड थोडा वेगळा असतो. म्हणून एक युक्ती करतात. त्याच जोडातून आधी एक प्रवाह सोडायचा आणि मग त्याच्या, समजा, ८ पट प्रवाह सोडायचा. दोन वेळच्या दाबांमधील फरक केवळ प्रवाहांच्या गुणोत्तरावर आणि निरपेक्ष तापमानावर अवलंबून असतो. डायोडचा 'स्वभाव' वजाबाकीत निघून जातो. २७ अंश सेल्सियसला, म्हणजे सुमारे ३०० केल्विनला, हा फरक ५४ मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि दर अंशाला साधारण ०.१८ मिलिव्होल्टने वाढतो. चिपमधील परिपथ त्याचे द्विमान संख्येत रूपांतर करतो. अनेक तापमान चिप्स या तत्त्वावर चालतात.

मुलींनी वापरलेली चिप होती डीएस१८बी२०. मूळ डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीची ही चिप शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगांत फार लोकप्रिय आहे. ती उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत तापमान मोजते. १२ बिटांवर चालवली तर तिची सर्वांत लहान पायरी ०.०६२५ अंशाची, म्हणजे अंशाच्या सोळाव्या भागाची असते. एका मोजणीला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक चिपला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे एकाच तारेवर अनेक चिप्स जोडता येतात.

धोक्याची सूचना देण्याच्या पद्धती

या चिपमध्ये कमाल आणि किमान अशा दोन मर्यादा साठवून ठेवता येतात. प्रत्येक मोजणीनंतर चिप तापमानाची या मर्यादांशी तुलना करते. मर्यादा गाठली किंवा ओलांडली असेल, तर ती आपल्या आत एक खूण उभी करते. नियंत्रकाने तारेवर 'ज्यांची खूण उभी आहे त्यांनीच ओ द्या' अशी आज्ञा पाठवली, की फक्त त्याच चिप्स उत्तर देतात. वर्गात गुरुजी 'गृहपाठ न केलेल्यांनी उभे राहा' म्हणतात, तसाच हा प्रकार.

येथे एक बारकावा आहे. या तुलनेत चिप अपूर्णांक सोडून देते. किमान मर्यादा २ ठेवली, तर २.९ अंशांनाही खूण उभी राहते, कारण २.९ मधला पूर्णांक २ आहे. २ च्या खाली गेल्यावरच सूचना हवी असेल, तर मर्यादा १ ठेवावी लागते. मग १.९ ला सूचना मिळते, २.० ला मिळत नाही. विद्यार्थ्यांना हे कागदावर करून पाहायला सांगावे.

दुसरी प्रसिद्ध चिप एलएम७५. ही नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीने १९९० च्या दशकात आणली. तिला सूचनेसाठी स्वतंत्र पाय आहे. वीज सुरू होताना तिची वरची मर्यादा ८० आणि खालची ७५ अंश अशी ठरलेली असते. नंतर ती आपल्याला हवी तशी बदलता येते. दोन आकडे कशासाठी? समजा, एकच मर्यादा आहे आणि तापमान तिच्या आसपास घुटमळते आहे. सूचना क्षणात सुरू, क्षणात बंद अशी फडफडत राहील. म्हणून ८० ला सुरू झालेली सूचना ७५ च्या खाली आल्याशिवाय बंद होत नाही. पाण्याच्या टाकीतला पंप याच कारणासाठी टाकी बरीच रिकामी झाल्यावर सुरू होतो आणि पूर्ण भरल्यावर बंद होतो.

शिवाय या चिपला सांगता येते की, १, २, ४ किंवा ६ मोजण्या सलग मर्यादेबाहेर गेल्या तरच सूचना दे. शेजारची मोटार सुरू होताना तारेत आलेल्या एखाद्या क्षणिक झटक्याने खोटी सूचना निघू नये, हा त्यामागचा हेतू. पण अशा सहा मोजण्या सेकंदाच्या आतच होतात. लस काढण्यासाठी फ्रिजचे झाकण काही मिनिटे उघडले, तर ही सोय पुरत नाही. तेथे काळाचा हिशेब प्रोग्रॅमने ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार बनणाऱ्या ३० दिवसांच्या तापमान नोंदणी उपकरणांत सूचना कधी द्यायची याचा नियम असा : ८ अंशांच्या वर सलग १० तास, किंवा उणे ०.५ अंश वा त्याखाली सलग १ तास. एका बाजूला १० तास आणि दुसऱ्या बाजूला १ तास का? उष्णतेने होणारे नुकसान हळूहळू साठत जाते. गोठण्याचे नुकसान एकदाच आणि कायमचे होते. लसीचा स्वभाव त्या दोन आकड्यांत उतरला आहे.

खोट्या सूचना टाळण्यासाठी एवढी धडपड का, असे कोणी विचारील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांना सांगतोच. जो बझर दिवसातून दहादा उगाच वाजतो, त्याची तार एक दिवस कोणीतरी वैतागून काढून ठेवतो.

आता आणखी एक प्रश्न. रात्री दोन वाजता फ्रिज गोठला आणि पहाटे पाचला पुन्हा ४ अंशांवर आला. सकाळी औषधनिर्माण अधिकारी येतात तेव्हा पडद्यावर ४ आहे, सर्व ठीक. तापमान पूर्ववत होताच खूण खाली घेणारी चिप येथे उपयोगाची नाही. डीएस१८बी२० मधील खूण दर मोजणीला नव्याने ठरते, म्हणजे तिला रात्रीची आठवण राहत नाही. एलएम७५ मध्ये दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत तापमान उतरले की सूचना थांबते. दुसऱ्या रीतीत नियंत्रक येऊन चिप वाचत नाही तोवर सूचना तशीच राहते. पंखा चालू-बंद करायला पहिली रीत चांगली. लसीसाठी घडलेली गोष्ट लक्षात ठेवणारी रीतच हवी, मग ती आठवण चिपने ठेवो की नियंत्रकाने.

अनेक चिप्सची सूचना एकाच तारेवरूनही आणता येते. ही तार एका रोधकाच्या साहाय्याने वरच्या विद्युतदाबावर धरून ठेवलेली असते. कोणतीही चिप ती खाली खेचू शकते. एसटीच्या गाडीतली घंटेची दोरी आठवा. ती कोणीही ओढली तरी घंटा ड्रायव्हरजवळच वाजते. दोरी कोणी ओढली हे मात्र विचारावे लागते. त्यासाठी काही चिप्समध्ये सोय असते. नियंत्रक एका ठरावीक पत्त्यावर 'कोणी ओढली?' असे विचारतो आणि दोरी ओढणारी चिप आपला पत्ता सांगते. दोघींनी एकदम ओढली असेल तर लहान पत्त्याची चिप आधी बोलते आणि दुसरी थांबते.

खोटे बोलणारे चार आकडे

येथवर आपण असे धरून चाललो की चिप ठणठणीत आहे. आता ती किंवा तिची तार बिघडली तर काय होते ते पाहू.

पहिला आकडा उणे १२७. हा चिपने दिलेला आकडा नाहीच. संभाषण सुरू करताना नियंत्रक तार सुमारे ४८० मायक्रोसेकंद खाली खेचून सोडतो. तारेवर चिप असेल तर ती किंचित थांबून स्वतः तार खाली खेचते. ही तिची हजेरी. तार तुटली असेल तर हजेरी लागत नाही. मुलींनी वापरलेल्या तयार प्रोग्रॅमच्या लेखकांनी 'चिप सापडली नाही' हे कळवण्यासाठी उणे १२७ हा आकडा राखून ठेवला आहे. तो निरोप होता, तापमान नव्हते. मुलींच्या प्रोग्रॅमने त्याला तापमान समजून ८ शी ताडून पाहिले.

दुसरा आकडा ८५. वीज मिळताच, पहिली मोजणी होण्यापूर्वी, डीएस१८बी२० च्या नोंदकप्प्यात ८५ अंश हा आकडा आधीच भरलेला असतो. मोजणी पूर्ण होण्याआधी तो कप्पा वाचला, किंवा मोजणी चालू असताना वीजपुरवठा क्षणभर घसरून चिप नव्याने सुरू झाली, तर ८५ मिळतो. काही जण प्रोग्रॅममध्ये '८५ आला तर सोडून दे' असे लिहितात. लसीच्या फ्रिजमध्ये खरोखर ८५ अंश होणे नाही, तेव्हा तो आकडा तापमान म्हणून घेऊ नये हे ठीक. पण नुसता सोडून दिला तर वारंवार घसरणारा वीजपुरवठा आपल्याला कधीच कळणार नाही. पुन्हा मोजावे, आणि तोच आकडा येत राहिला तर बिघाड म्हणून कळवावे. शिवाय जेथे गरम पाणी किंवा वाफ आहे, तेथे ८५ अंश खरेही असू शकतात.

तिसरा आकडा शून्य, आणि हा सर्वांत फसवा. चिपची माहिती तारेवरून येताना बिघडली नाही ना, हे तपासण्यासाठी तिने पाठवलेल्या ९ बाइटांपैकी शेवटचा बाइट तपासणीचा असतो. त्याला सीआरसी म्हणतात. आधीचे ८ बाइट म्हणजे एक मोठी संख्या समजून तिला ठरावीक रीतीने भागतात आणि उरलेली बाकी शेवटी जोडतात. गुणाकार तपासण्यासाठी आपण पूर्वी नवाची कसोटी लावत असू, त्याच कुळातली ही रीत. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच तपासणीचा अंक आहे. नियंत्रक पुन्हा बाकी काढतो. ती जुळली नाही तर माहिती फेकून देतो.

आता समजा, माहितीची तार जमिनीच्या तारेला चिकटली. हजेरी न तपासता थेट वाचन केले, तर सर्व बिट शून्य येतात. शून्य अंश तापमान, आणि तपासणीचा बाइटही शून्य. शून्याला कशानेही भागले तरी बाकी शून्यच! म्हणजे तपासणी उत्तीर्ण. चिकटलेली तार अगदी अधिकृत शिक्क्यानिशी 'शून्य अंश' असे सांगते. यावर उपाय चिपमध्येच आहे. तिच्या ९ बाइटांपैकी काही बिट नेहमी १ असतात. सगळेच शून्य आले, तर तो चिपचा आवाज नव्हे हे ओळखता येते.

चौथा 'आकडा' म्हणजे कधीच न बदलणारा आकडा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, झाकण उघडते, दुपार होते, रात्र होते. तापमान थोडे तरी हलायलाच हवे. चोवीस तास ४.०६२५ वर खिळलेली रेघ ही फ्रिज उत्तम असल्याची खूण नाही. बहुधा प्रोग्रॅम अडकला आहे आणि जुनाच आकडा दाखवतो आहे. आरोग्य केंद्रात कर्मचारी दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही, तापमान वहीत लिहितात. अशा वहीत महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच आकडा दिसला, तर जाणता पर्यवेक्षक थांबून चौकशी करतो. यंत्राच्या बाबतीतही तेच करायचे.

काही चिप्स आपला दोष स्वतः शोधतात. भट्टीसारख्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या थर्मोकपलसाठी मॅक्स३१८५५ ही चिप आहे. तापमानासोबत ती तीन वेगवेगळ्या खुणा पाठवते. तार तुटली आहे, तार जमिनीला चिकटली आहे, तार पुरवठ्याला चिकटली आहे. दूरवरचा डायोड वाचणाऱ्या चिप्सही असेच करतात. डायोडवर साधारण ०.६ व्होल्ट अपेक्षित असताना दाब थेट पुरवठ्याइतका चढला तर तार तुटली, आणि शून्यावर आला तर दोन तारा चिकटल्या.

आगगाडीकडून शिकलेला धडा

हा विचार नवा नाही. पूर्णा-अकोला मार्गावरील वाशीम स्थानकातून रोज आगगाड्या जातात. गाडी रुळावर आहे की नाही हे सिग्नलला कसे कळते? अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो 'ट्रॅक सर्किट' नावाचा परिपथ यासाठी वापरतात. रुळांच्या एका टुकड्याच्या एका टोकाला विजेचा पुरवठा आणि दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळे असताना प्रवाह रुळांतून रिलेपर्यंत पोहोचतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो.

यातील शहाणपण पाहा. रॉबिन्सन यांना उलटही करता आले असते, म्हणजे गाडी आली की प्रवाह सुरू होऊन लाल दिवा लागेल अशी रचना. पण मग तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर लाल दिवा कधीच लागला नसता. त्यांच्या रचनेत रूळ तुटो, तार तुटो वा बॅटरी संपो, सिग्नल लालच होतो. 'सर्व ठीक' हे सिद्ध करावे लागते. धोका गृहीतच असतो. मुलींच्या राखणदाराची रचना याच्या नेमकी उलटी होती. तेथे धोका सिद्ध करावा लागत होता.

कारखान्यांतील मोजमापातही हेच तत्त्व आहे. तेथे संवेदकाचा निरोप ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपात पाठवण्याची प्रथा आहे. मोजमापाचे शून्य म्हणजे ४ मिलिअँपिअर. खऱ्या ० मिलिअँपिअरचा अर्थ एकच, तो म्हणजे तार तुटली. शून्य मोजमाप आणि मोजमापच नसणे यांची गल्लत होऊ नये म्हणून खालचे ४ मिलिअँपिअर मुद्दाम सोडलेले आहेत.

गप्प बसणे हाही निरोप

२०१५ पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'ई-विन' ही व्यवस्था देशात उभारली. तिच्यात लसीच्या फ्रिजमधील संवेदक मोबाइल फोनच्या जाळ्यातून तापमान दूरच्या संगणकाकडे पाठवतो आणि मर्यादा ओलांडली की शीतसाखळी सांभाळणाऱ्यांना संदेश जातो. आरोग्य केंद्रात कोणी नसतानाही फ्रिजवर लक्ष राहते.

पण अशा व्यवस्थेत संगणकाने काय शिकायला हवे? सूचना आली की ओरडायचे, एवढेच पुरेसे नाही. वीज गेली, बॅटरी उतरली, सिमकार्ड बंद पडले, तर वाईट बातमी येणार नाही. कोणतीच बातमी येणार नाही. म्हणून ठरलेल्या वेळी 'मी आहे, तापमान इतके आहे' असा निरोप आलाच पाहिजे, आणि तो चुकला तर तीच धोक्याची सूचना मानली पाहिजे. रात्री गस्त घालणारा गुरखा तासातासाला काठी आपटत जातो. चोर आल्यावर तो ओरडेल म्हणून आपण स्वस्थ झोपतो खरे, पण खरा दिलासा असतो तो त्या काठीच्या आवाजाचा. एखाद्या रात्री आवाज आला नाही, तर दार उघडून पाहावे.

बझरलाही हे लागू आहे. फ्रिज ज्या विजेवर चालतो, त्याच विजेवर बझर चालवला तर वीज जाताच दोघेही एकदम झोपतात. बझरला स्वतंत्र बॅटरी हवी, आणि आठवड्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का हे पाहायला हवे.

वर्गात करून पाहा

विद्यालयात आर्डुइनो आणि डीएस१८बी२० उपलब्ध असेल, तर मुलांना आधी राखणदार बनवू द्यावा. मग त्यांनीच त्याला फसवावे. माहितीची तार काढावी. पुरवठ्याची तार काढून पुन्हा लावावी आणि मोजणीची वाट न पाहता लगेच वाचावे. माहितीची तार काही क्षण जमिनीच्या तारेला जोडावी. पुरवठा आणि जमीन या दोन तारा मात्र एकमेकींना कधीही जोडू नयेत. प्रत्येक वेळी पडद्यावर काय आले आणि बझर वाजला का, याचा तक्ता करावा. मग प्रोग्रॅममध्ये प्रश्न या क्रमाने लिहावेत :

पहिला, चिपची हजेरी लागली का? दुसरा, तपासणीचा बाइट जुळला का, आणि सगळेच शून्य तर नाही? तिसरा, हा आकडा या जागी शक्य आहे का? चौथा, तो बराच वेळ अजिबात न हलता खिळलेला तर नाही? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच पाचवा प्रश्न विचारायचा : तापमान २ ते ८ च्या आत आहे का?

क्रम महत्त्वाचा आहे. मुलींनी पाचवा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, आणि तोही अर्धाच, कारण २ च्या खालची बाजू त्यांनी तपासलीच नव्हती.

ज्यांच्याकडे हे साहित्य नाही, त्यांनी टॉर्चचा दिवा, सेल आणि तार घेऊन दोन परिपथ करावेत. एकात धोका असताना दिवा लागतो, दुसऱ्यात सर्व ठीक असताना दिवा लागतो. मग दोन्हींतली तार कापून मुलांना विचारावे, तुमच्या घराची राखण यांपैकी कोणाकडे द्याल?

प्रदर्शन संपण्याआधी आम्ही पुन्हा त्या टेबलाशी गेलो. मुलींनी शेजारच्या गटाकडून दोन दिवे मागून आणले होते. तापमान योग्य असेल तर हिरवा, मर्यादेबाहेर असेल तर बझर. आणि हजेरी लागली नाही तर पिवळा दिवा आणि तुटक तुटक वाजणारा बझर. पडद्यावर आता उणे १२७ येत नव्हते. तार उपटल्यावर तेथे दोन शब्द उमटले : 'माहीत नाही'.

बक्षीस दुसऱ्याच एका प्रयोगाला मिळाले. आमच्या गुणपत्रिकेत मात्र त्या दोन शब्दांसाठी आम्ही वेगळे गुण दिले होते. वर्गात उत्तर येत नसताना काहीतरी ठोकून देणारा विद्यार्थी आणि 'सर, माहीत नाही' म्हणणारा विद्यार्थी, यांच्यापैकी कोणाला पुढे शिकवता येते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. लसीच्या फ्रिजवर राखणीला बसवायचे यंत्रही त्या दुसऱ्या विद्यार्थ्यासारखेच असावे.